डिस्ने वर्ल्डचं मल्टी-डे तिकीट आणि मधला काहीच न करायचा दिवस

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डबद्दल लोक राइड्स, फटाके, मिकीबरोबरचे फोटो यावर भरभरून लिहितात, पण एवढे डॉलर ज्याच्यावर जातात त्या मल्टी-डे तिकिटाबद्दल फारसं कोणी बोलत नाही. म्हणून हा रिव्ह्यू फक्त तिकिटाचा, आणि त्यातही एकाच प्रश्नाचा, की घरातली लहान-मोठी सगळी माणसं घेऊन गेलं तर मधे एक दिवस पार्कला न जाता काढावा की नाही. माझं मत सरळ आहे, चार किंवा जास्त दिवसांचं तिकीट असेल तर काढावाच, आणि बुकिंग करतानाच काढून ठेवावा, कारण तिथे पोचल्यावर "बघू, दमलो तर घेऊ" असं म्हटलं की तो दिवस काही उगवत नाही.

आधी तिकिटाचं गणित. बऱ्याच जणांना वाटतं की चार दिवसांचं तिकीट म्हणजे लागोपाठ चार दिवस जायचं. तसं अजिबात नाहीये. साध्या तिकिटाला तुम्ही सुरुवातीची तारीख निवडता आणि त्या तारखेपासून सात दिवसांत कुठलेही चार दिवस वापरता. तीन दिवसांच्या तिकिटाला पाच दिवसांची मुदत, पाचच्याला आठ, दहाच्याला चौदा. म्हणजे मोकळे दिवस तिकिटातच धरलेले आहेत! मधे सुट्टी घेतली म्हणून तिकिटाचा दिवस जळत नाही, वाढला तर हॉटेल आणि खाण्यापिण्याचा खर्च वाढतो. त्यामुळे "एवढे पैसे मोजलेत, एक दिवस पण फुकट घालवायचा नाही" हे जे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य आहे ना ते इथे लागूच होत नाही. (ऑफरमधल्या तिकिटांचे नियम वेगळे असतात, ते घेताना मुदत नीट वाचा.)

आता खरी मेख. जितके जास्त दिवस घ्याल तितका दिवसाचा दर कमी होतो. मग बुकिंगच्या स्क्रीनवर दिसतं की पाचवा दिवस अगदी थोडक्यात मिळतोय, आणि हात शिवशिवायला लागतात. हॉटेलच्या रात्री तर आधीच ठरलेल्या, मग जो दिवस मोकळा होता त्यावरच तो पाचवा दिवस येऊन बसतो. स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला दिवस पाचव्या दिवशी दुपारी दोन वाजता कोणाच्या तरी मांडीवर झोपलेल्या पोराच्या रूपात वसूल होतो. चार पार्क आहेत, मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलीवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम, तर चार दिवसांचं तिकीट घ्या आणि पाचव्याचे पैसे चांगल्या पूल असलेल्या हॉटेलात टाका, मी तरी हेच सांगेन.

तिकिटातली न आवडलेली गोष्ट पण सांगते. मुदत संपली की वापरायचे राहिलेले दिवस गेले. आधी हवं तसं फिरू आणि शेवटी सगळे पार्क गाठू असा बेत केलात आणि नेमकं कोणीतरी आजारी पडलं तर पंचाईत होते. म्हणून सुट्टीचा दिवस मधे, आणि शेवटी एखादा दिवस हातचा राखून ठेवलेला बरा.

एवढं दमायला होतं का, असं न गेलेले लोक विचारतात. होतं हो. सगळी मिळून जागा जवळजवळ शंभर चौरस किलोमीटर आहे, चार पार्क एकमेकांना चिकटून नाहीत, आणि एका पार्कच्या आत पण तंगडतोड कमी नाही. एपकॉटमध्ये अकरा देशांचे विभाग तळ्याभोवती मांडलेत, ती नुसती फेरीच दोन किलोमीटरच्या आसपास भरते, त्यात थांबणं, रांग, परत मागे जाणं वेगळंच. आणि चालण्यापेक्षा उभं राहून पाय जास्त दुखतात हे तिथे कळतं. वर फ्लोरिडाचं दमट ऊन. आमच्याकडे तर तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने बूट घालायलाच नकार दिला, टाचेला लावलेली पट्टी ओली होऊन अर्धी सुटलेली, मोजा वर चढवला की ती गोळा व्हायची, आणि ती काहीही न बोलता नुसती पलंगाच्या काठावर बसून पाय हलवत होती. रडली असती तर मी कदाचित समजूत काढून नेली पण असती. त्या दिवशी आमचा पार्क नव्हताच, आधीच ठरलं होतं, त्यामुळे कोणाचा मूड गेला नाही. मोठा अकरापर्यंत झोपला आणि सासूबाईंनी निवांत कपडे धुवायचं मशीन लावलं (त्यांना त्यात काय आनंद मिळाला देव जाणे, पण मिळाला).

आता सगळ्यात जास्त वाद होतो तो यावर, की अख्खा दिवस कशाला घालवायचा, रोज दुपारी दोन-तीन तास हॉटेलवर येऊन पडावं आणि संध्याकाळी परत जावं. ऐकायला मस्त वाटतं आणि काहींना जमतं पण. मात्र ते तुम्ही कुठे उतरलात त्यावर आहे. मॅजिक किंगडमची मोनोरेल ज्या हॉटेलांतून जाते ती, म्हणजे कंटेम्पररी, पॉलिनेशियन, ग्रँड फ्लोरिडियन, तिथे असाल तर दुपारी येणं सहज जमतं, कंटेम्पररीहून तर चालत जाता येतं. स्कायलायनर ही केबल कार एपकॉट आणि हॉलीवूड स्टुडिओजला जाते, तिच्यावरच्या पॉप सेंच्युरी, आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन, कॅरिबियन बीच वगैरे हॉटेलांतूनही त्या दोन पार्कांपुरतं ठीक आहे, पण विजा चमकायला लागल्या की ती बंद होते हे लक्षात असू द्या.

बाहेरच्या हॉटेलात राहून गाडीने जाणाऱ्यांनी मात्र हे दुपारचं प्रकरण मॅजिक किंगडमच्या दिवशी डोक्यातून काढूनच टाकावं. तिथलं पार्किंग पार्कच्या दारात नाहीये. गाडी लावायची ती तळ्याच्या अलीकडे, मग तिथून मोनोरेल नाहीतर मोठी बोट पकडून पलीकडे जायचं. म्हणजे दुपारी निघायचं तर आधी बोट किंवा मोनोरेलची रांग, मग पार्किंगमध्ये गाडी शोधा, गाडीत भट्टी झालेली, हॉटेल गाठा, पोरं नेमकी गाडीत झोपणार आणि खोलीत शिरल्यावर टक्क जागी. मग हेच सगळं उलट क्रमाने परत. आरामासाठी काढलेला वेळ जाण्यायेण्यातच खपतो. अशा लोकांना अख्खा दिवस सुट्टीच परवडते, यात मला शंका नाही.

डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज पार्क अर्धा तास आधी उघडून मिळतो. सुविधा छानच आहे, पण झोपेची शत्रू पण तीच. अर्धा तास मिळतोय म्हणून रोज पहाटे सगळ्यांना उठवायचं, आणि रात्री फटाके बघितल्याशिवाय निघायचं नाही. दोन्ही टोकं रोज धरलीत तर दोन दिवसांत घरात एकमेकांवर ओरडणं सुरू होतं, यात पोरांपेक्षा मोठी माणसंच पुढे असतात. एक टोक सोडा. सकाळी लवकर गेलात तर रात्री लवकर या, नाहीतर सकाळी सावकाश जा.

सुट्टी कुठल्या दिवशी ठेवायची? मला विचाराल तर पहिल्या दोन पार्कांनंतर, आणि त्यातही मॅजिक किंगडमची फटाक्यांची रात्र झाली की दुसऱ्या दिवशी. त्या रात्री सगळी गर्दी एकदम बाहेर पडते, खोलीवर पोचेपर्यंत उशीर होतोच. लांबचा विमानप्रवास करून आलेल्यांनी पहिलाच दिवस पण मोकळा ठेवला तर चालेल, तिकिटाची तारीख दुसऱ्या दिवसापासून सुरू करायची म्हणजे मुदत उगाच खर्ची पडत नाही.

काही जण म्हणतात पाऊस बघून ठरवू. उन्हाळ्यात त्याचा काही उपयोग नाही, जून ते सप्टेंबर तिथे दुपारी गडगडाट होऊन पाऊस पडणं हे जवळपास रोजचंच, अंदाजात रोज ढग आणि वीजच दिसणार. तास-दीड तासात बहुतेक वेळा उघडतं पण. त्या वेळात उघड्यावरच्या राइड्स बंद असतात, तेव्हा आतल्या शोला जाऊन बसावं, अख्खा दिवस पावसावर सोडू नये. शिवाय लाइटनिंग लेनचं (म्हणजे वेगळे पैसे भरून राइडची लांब रांग टाळायची सोय) बुकिंग डिस्नेच्या हॉटेलवाल्यांना सात दिवस आधी आणि बाकीच्यांना तीन दिवस आधी उघडतं, चांगल्या राइड्सच्या वेळा पटापट जातात, तोपर्यंत कुठल्या दिवशी कुठे हे ठरलेलं नसेल तर मग उरलंसुरलं हाती लागतं.

एक अधलामधला पर्याय पण आहे, जो मला फार आवडला. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये मॅजिक किंगडमला ठरावीक रात्री हॅलोविनची पार्टी असते, तिचं तिकीट वेगळं. त्या दिवशी साध्या तिकिटावाल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर काढतात. बरेच लोक म्हणून तो दिवस टाळतात आणि दिवसभर गर्दी त्या मानाने बरी असते. फटाके मिळत नाहीत हे खरं, पण पोरं आठला झोपतात. चार वर्षांच्या आतलं मूल असेल तर मी फटाक्यांपेक्षा हेच घेईन.

बरं, सुट्टीच्या दिवशी करायचं काय. पूल, झोप, कपडे, संपलं. डिस्ने स्प्रिंग्जला जायला तिकीट लागत नाही, पार्किंगही फुकट, म्हणून सगळे तिकडे पळतात, पण ते म्हणजे दुकानं आणि खाण्यापिण्याच्या जागांचं मोठंच्या मोठं गाव आहे, दिवसभर तिथे फिरलात तर पाय पार्कइतकेच दुखतील आणि खिसा वेगळा. संध्याकाळी तासभर ठीक. त्यापेक्षा मोनोरेलने किंवा स्कायलायनरने नुसती चक्कर मारा, त्यांना तिकीट नाही, बसायला मिळतं आणि लहान पोरांना ती पण राइडच वाटते. अ‍ॅनिमल किंगडम लॉजमध्ये जिराफ आणि झेब्रे हॉटेलच्या आवारात चरताना दिसतात, आजी-आजोबांना हे कुठल्याही रोलर कोस्टरपेक्षा जास्त आवडेल. आणि २२ मे २०२५ ला युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीचं एपिक युनिव्हर्स हे पार्क उघडल्यापासून लोक 'रेस्ट डे'ला तिकडे जाऊन येतो म्हणतात. अहो तो पाचवा पार्क झाला, सुट्टी कुठे झाली?

ज्यांच्याकडे दोन-तीनच दिवस आहेत, किंवा सगळी मोठी, धडधाकट माणसं आहेत, त्यांनी मात्र सुट्टीच्या भानगडीत पडू नये, एखाद्या दिवशी अकराला निघा, तेवढं पुरतं.

शेवटचं, आणि हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही. तिकीट माणशी असतं, कुटुंबाचं नसतं. सगळ्यांनी सारख्या दिवसांचं घ्यायलाच हवं असं कुठे आहे? सासूबाईंना तीन दिवसांचं, कॉलेजातल्या पुतण्याला पाच दिवसांचं असं चालतं, तीन वर्षांखालच्यांना तर तिकीटच नाही. फक्त प्रत्येकाची मुदत त्याच्या तिकिटाप्रमाणे वेगळी संपते, ती कागदावर लिहून ठेवा. म्हणजे आजी आणि धाकटी पूलवर, बाबा आणि मोठा हॉलीवूड स्टुडिओजच्या राइड्सवर, कोणाला कोणासाठी थांबायला नको. मोठ्या पोरांना एकटं सोडायचा विचार असेल तर चौदाच्या आतल्यांना चौदा किंवा त्यावरचं कोणीतरी बरोबर असल्याशिवाय पार्कमध्ये घेत नाहीत, त्यामुळे तेरा वर्षांच्या चिरंजीवांनी कितीही गळ घातली तरी तुमच्यातल्या एकाची सुट्टी गेलीच म्हणून समजा.