४८ व्होल्टचा स्टिकर आणि आत पाचच सेल

कॉर्डलेस ड्रिल घेणार असाल तर आधी हे वाचा. माझं जुनं १८ व्होल्टचं निकेल कॅडमियमवालं ड्रिल धडधाकट आहे पण वजनाने हात भरून येतो आणि बॅटरी नुसती पडून राहिली तरी उतरते, म्हणून ऑनलाइन नवं लिथियमवालं मागवलं. बॉक्सवर मोठ्ठं ४८ व्हीएफ, ब्रशलेस मोटर, ६ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो ते), काय विचारू नका.

जाड लाकडात फ्लॅट बिट लावून भोक पाडायला घेतलं तर पहिल्या, म्हणजे जास्त जोराच्या गिअरवर सुद्धा मध्येच जाम, क्लच (जोर किती लागू द्यायचा ते ठरवणारी कडी) ड्रिलच्याच खुणेवर, म्हणजे पूर्ण जोरावर होता, आणि मागच्या जाळीतून निळ्या ठिणग्या दिसतायत. अरे ब्रशलेसमध्ये कार्बन ब्रशच नसतात, मग ठिणग्या कुठून? तेच भोक जुन्याने कुरकुरत का होईना आरपार पाडलं.

मग फुल चार्ज पॅकला मल्टिमीटर लावला. जेमतेम २१. लिथियमचा सेल चालताना ३.६ व्होल्ट धरतात, फुल चार्जला ४.२, म्हणजे पाच सेलचे २१ आणि कामाचे १८च. माझ्या जुन्यात १.२ चे १५ सेल, तेही १८च! ४८ खरे हवे तर एका लाइनीत १३ सेल लागतात, ते त्या एवढ्याशा पॅकमध्ये मावतील तरी का. चांगल्या कंपन्याही २० व्होल्ट मॅक्स छापतात, पण खरे १८ हे निदान बारीक अक्षरात लिहितात.

६ एएच पण थापच. १८६५० साइजचा चांगल्यातला चांगला सेल साधारण साडेतीन एएचचा, ६ साठी पाच-पाच सेलच्या दोन लाइनी शेजारी जोडलेल्या, म्हणजे दहा सेल हवेत आणि नुसत्या सेलचंच वजन अर्ध्या किलोच्या आसपास जातं. त्यामुळे पॅक वजनकाट्यावर ठेवा, कळतंच. उघडायच्या फंदात पडू नका, शॉर्ट झाला तर आग लागते (मी उघडला, अर्धा डबा रिकामा होता).

खरं ब्रशलेस ड्रिल जुन्याच्या कितीतरी पुढे असतं, चार्जही जास्त टिकतो, त्यात वाद नाही. हे फक्त तसं रंगवलेलं होतं.

सेलरला मीटरचा फोटो पाठवला तर म्हणे व्हीएफ म्हणजे व्होल्ट नाही, मॉडेलचं नाव आहे. फोटोसकट रिव्ह्यू टाकल्यावर मात्र लगेच मेसेज, रिव्ह्यू काढा, अर्धे पैसे परत देतो. नाही काढला.