व्हिडिओ-कॉलवरचे पालक-मार्गदर्शन: सेवा उत्तम, पण तिच्या हिशेबात आजी नाही

आर्णी तालुक्यातील आमच्या गावाहून बालमानसतज्ज्ञाकडे जायचे म्हणजे यवतमाळ किंवा थेट नागपूर गाठावे लागते, आणि चावणारे, केस ओढणारे, रागाच्या भरात जमिनीवर डोके आपटणारे सव्वा वर्षाचे मूल कडेवर घेऊन दर आठवड्याला एसटीने तेवढा प्रवास करणे आम्हाला शक्य नव्हते. म्हणून नागपूरच्या एका बालमार्गदर्शन केंद्राची मोबाईलवरून चालणारी सेवा आम्ही घेतली.

पहिल्याच कॉलवर समुपदेशक बाईंनी मुलाचे कान तपासून घेण्यास सांगितले, कारण ऐकू कमी येणारे मूलही चिडचिडे वाटू शकते. ही तपासणी फुकट होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते आणि गरज भासल्यास मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे लहान मुलांतील दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्राकडे, पाठवते. कान ठीक निघाले, मगच पुढचे काम सुरू झाले.

या सेवेची पद्धत अमेरिकेतील आहे. मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी १९७०च्या दशकात साधारण दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी विकसित केलेल्या उपचाराला पुढे फ्लोरिडात १२ ते १५ महिन्यांच्या बाळांसाठी घरगुती रूप देण्यात आले. यात मुलावर उपचार होत नाहीत, आईबापांना शिकवले जाते आणि तेही खेळ चालू असतानाच. मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवायचा, कानात इअरफोन घालायचा आणि मुलासमोर बसायचे. बाई स्वतःचा कॅमेरा बंद ठेवतात, नाहीतर मूल खेळणी सोडून पडद्यावरच झेपावते. त्यांचा आवाज तेवढा कानात येत राहतो: ‘तो वाटीवर वाटी ठेवतो आहे, तेच शब्दांत सांगा.’ ‘आता शाबासकी द्या, पण कशाबद्दल तेही बोला.’ मुलाने चमचा माझ्या तोंडावर हाणला, तेव्हा रागावू नका, नजर वळवा आणि स्वतःच डबा वाजवू लागा, असे त्यांनी सांगितले. त्याने डब्याकडे हात नेला त्या क्षणी त्याचे कौतुक करायला लावले. ही अचूक वेळ पुस्तक वाचून किंवा व्याख्यान ऐकून साधत नाही, आणि या सेवेचे खरे मोल मला त्यातच वाटते.

रोजच्या पाच मिनिटांच्या खेळात प्रश्न, हुकूम आणि टीका या तिन्ही गोष्टी वर्ज्य आहेत. प्रश्न टाळणे फारच जड गेले, कारण आपल्याकडे लहान मुलाशी बोलणे म्हणजे ‘नाक कुठं? मामा कुठं? काऊ कसा ओरडतो?’ अशी परीक्षाच असते. मी मुलाच्या खेळाचे वर्णन करू लागले तेव्हा सासरे दारातून म्हणाले, ‘काय वं, हे क्रिकेटची कॉमेंट्री होय काय?’

चावणे बरेच कमी झाले आहे. झोपताना डोके आपटणे अजून चालूच आहे. या वयात ते पुष्कळ मुलांत दिसते आणि बहुधा आपोआप थांबते, असे बाईंनी आधीच स्पष्ट केले होते. खोटी आशा दाखवली नाही, हे मला आवडले.

तक्रार मात्र मोठी आहे. ही सेवा एका खोलीत एकटे बसलेल्या आई-मुलाला धरून आखलेली आहे. आमच्याकडे कापूसवेचणीच्या दिवसांत मूल दिवसभर आजीजवळ असते, आणि ते रडले की आजी त्याच्या हाती मोबाईल देते. दोन वर्षांखालील बाळाला पडदा दाखवू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ची सूचना आहे. पण ती आजीला समजावण्याचे काम केंद्राने सुनेवर सोडले, आणि ते कोणत्या सुनेला जमते? शेवटी मीच हट्ट धरून सासूबाईंच्या कानात इअरफोन घातला. आधी त्या लाजल्या, मग बाईंचे ऐकून नातवाशी असे बोलू लागल्या की मला दोन गोष्टी नव्याने कळल्या. हे सत्र केंद्राच्या वेळापत्रकातच असायला हवे होते.

वेळाही शहरी आहेत. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या काळात शेतकरी बाप घरी सापडत नाही, आणि बत्ती गेली की टॉवरची रेंजही जाते. नुसत्या आवाजावर झालेल्या कॉलचा फारसा उपयोग होत नाही, कारण बाईंना खेळ दिसत नाही. तरीही तो कॉल पूर्ण सत्र म्हणूनच मोजला गेला. नाव नोंदवण्यापूर्वी अर्धवट तुटलेला कॉल पुन्हा मिळतो का, संध्याकाळी सातनंतरची वेळ मिळते का आणि आजी-आजोबांसाठी सत्र ठेवतात का, हे विचारून घ्यावे.