डायडोचा सर्ग, गंगापूर रोडवर: एका वाचनवर्गाविषयी

नाशिकच्या गंगापूर रोडवर रविवारी सकाळी भरणारा हा वर्ग सहा बैठकांचा आहे, दर बैठक दोन तासांची. वाचायचा असतो रोमन कवी व्हर्जिलच्या 'ईनिड' या लॅटिन महाकाव्याचा फक्त चौथा सर्ग: कार्थेजची राणी डायडो आणि ट्रॉयच्या राखेतून निघालेला ईनियस. लॅटिन येण्याची अट नाही. मूळ ओळी देवनागरीत आणि शेजारी मराठी अर्थ, असं टिपण हातात मिळतं. झेरॉक्स काढताना समासातले ओळींचे आकडे कापले गेलेत, ते पहिल्याच दिवशी पेन्सिलीने घालून घ्या. पुढची सगळी चर्चा आकड्यांवरच चालते.

वर्गाची खरी ताकद छंद शिकवण्यात आहे. ओळीत सहा गण, प्रत्येक चार मात्रांचा: एकतर गुरु-लघु-लघु, म्हणजे आपला भगण, नाहीतर दोन गुरु. पाचव्या जागी बहुतेक वेळा भगण आणि सहाव्या जागी दोनच अक्षरं. सर्गाची पहिली ओळ अशी फोडून म्हणून घेतात: अत् रे । गीन ग्र । वी यम् । दूदुम् । सौकिअ । कूरा. राणी केव्हापासूनची घायाळ आहे, असं ही ओळ सांगते, आणि मधले 'वी यम्', 'दूदुम्' हे चार गुरु ते दुखणं जड पावलांनी चालवतात. मराठी माणूस नेमका दुसऱ्या गणात अडतो. आपल्या सवयीने 'ग्र'च्या आधीचा 'न' गुरु होतो आणि ओळ मोडते. लॅटिनमध्ये पुढच्या शब्दाच्या आरंभी असं 'र'युक्त जोडाक्षर आलं, तर आधीचं ऱ्हस्व अक्षर साधारणपणे लघुच राहतं. हे इथे फळ्यावर मात्रा मांडून दाखवतात, आणि तेवढ्यासाठीही वर्गाला जावं.

मांडणीत मात्र वर्ग फसतो. सर्गाच्या 705 ओळी सहा बैठकांत सारख्या वाटल्यामुळे तिसरी बैठक 352 च्या आसपास संपते. ईनियसचं डायडोला दिलेलं उत्तर 333 ते 361 या ओळींत आहे. म्हणजे तो बापाच्या स्वप्नातल्या सावलीबद्दल बोलत असतानाच वर्ग सुटतो, आणि देवदूत मर्क्युरीने आणलेला देवराज जुपिटरचा इटलीला निघण्याचा हुकूम आठवडाभर लांबतो. उत्तराची शेवटची ओळ आहे 'इतालियाम् नोन स्पोन्ते सेक्वोर': इटलीकडे मी आपल्या मनाने निघालेलो नाही. ही ओळ अर्धीच आहे. व्हर्जिल इ.स.पू. 19 मध्ये काव्यावरून शेवटचा हात न फिरवताच गेला आणि अशा पन्नासांहून अधिक ओळी अपुऱ्या राहिल्या. पण इथला तुटलेपणा त्या क्षणाला इतका शोभतो, की 'तू मला चोरून सोडून निघालास' या डायडोच्या आरोपाला लागूनच ही ओळ ऐकायला हवी. कवीने सांधे स्वतःच दाखवलेत. 'अत् रेगीना', म्हणजे 'पण राणी', या शब्दांनी 1, 296 आणि 504 या तीन ओळी सुरू होतात. तिथेच कापावं, प्रत्येक भागाला दोन बैठका द्याव्यात.

दुसरी उणीव जास्त खोल आहे. चर्चेत प्रेम डायडोच्या पारड्यात आणि कर्तव्य ईनियसच्या पारड्यात टाकलं जातं. मूळ काव्य तसं करू देत नाही. कर्तव्य डायडोलाही आहे: मृत पती सिकियसशी निष्ठा (24 ते 29) आणि तिने वसवलेलं शहर. ती प्रेमात बुडते तेव्हा बुरूज चढायचे थांबतात, तरुणांचा शस्त्राभ्यास बंद पडतो, बंदराचं काम अडतं (86 ते 89). पंचवटी जवळ म्हणून वर्गात शूर्पणखेची आठवण निघते, ती इथे लागू पडत नाही. शूर्पणखेच्या मागे असं अर्धवट राहिलेलं शहर नाही. आणि ईनियसचं कर्तव्य तरी निर्मळ आहे का? 340 ते 344 मध्ये तो सांगतो की नशिबाने मोकळीक दिली असती, तर त्याने आधी ट्रॉयच पुन्हा उभं केलं असतं. त्या मोकळ्या आयुष्यातही डायडो नाही. सगळ्या भाषणातलं सर्वांत क्रूर वाक्य मला हे वाटतं, आणि वर्ग ते एका दमात ओलांडतो.

हा घोटाळा होतो तो चौथाच सर्ग सुटा घेतल्यामुळे. म्हणून नाव घालणाऱ्यांनी तीन तुकडे घरी वाचून जावेत. पहिल्या सर्गातल्या 657 ते 722: ईनियसची आई, प्रेमदेवता व्हीनस, त्याच्या मुलाच्या रूपात मदन क्युपिडला पाठवते, तो डायडोच्या मांडीवर बसून सिकियसची आठवण पुसत जातो. हे न वाचता गेलं, तर पहिल्या बैठकीत सगळा दोष राणीवर येतो. सहाव्या सर्गातल्या 450 ते 476: पाताळात ईनियस रडत सफाई देतो, ती एक शब्द बोलत नाही आणि सिकियसकडे निघून जाते. बाराव्या सर्गातल्या 938 ते 952: शरण आलेल्या शत्रूला, टर्नसला, सोडायच्या बेतात असताना ईनियसला त्याच्या खांद्यावर त्याने मारलेल्या तरुण मित्राचा, पॅलसचा, पट्टा दिसतो, आणि संतापाने पेटून तो तलवार खुपसतो. काव्य तिथेच संपतं.

मराठी अर्थ वर्गाच्या टिपणात चांगला आहे, पण या तीन तुकड्यांचा नाही. ते संयोजकांकडे आधी मागून घ्या.