डिमेन्शियाची परिषद: एएआयसीला जावं की एडीआयला?

नाशिकहून डिमेन्शियावरच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशावरच्या, एकाच परदेशी परिषदेचा खर्च झेपणार असेल, तर प्रश्न बहुधा या दोन नावांपाशीच येऊन थांबतो. एएआयसी, म्हणजे अल्झायमर्स असोसिएशन इंटरनॅशनल कॉन्फरन्स, दरवर्षी जुलैत भरते. २०२३ला अ‍ॅमस्टरडॅम, २०२४ला फिलाडेल्फिया, २०२५ला टोरांटो. एडीआय म्हणजे अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल, देशोदेशीच्या डिमेन्शिया संस्थांची संघटना; तिची परिषद अलीकडे वर्षाआड असते. २०२२ला लंडन, २०२४ला पोलंडमधलं क्राकूव्ह.

न्यूरॉलॉजिस्टने एएआयसीच गाठावी. डोनानेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाच्या मोठ्या चाचणीचे सविस्तर निष्कर्ष २०२३ला तिथेच मांडले गेले. रक्तचाचण्या, पेट स्कॅन, औषधांमुळे मेंदूला येणारी सूज यांवर इतकं एका जागी क्वचितच मिळतं.

डे-केअर चालवणाऱ्याला किंवा घरी रुग्ण सांभाळणाऱ्याला मात्र तिथे एक गोष्ट छळते, आणि माझा कौल तिनेच एडीआयकडे फिरवला: एकाच तासाला चालणारी ढीगभर सत्रं. संध्याकाळची घालमेल, अंघोळीला नकार, रात्री कडी काढून बाहेर पडणं, यांवरचं काम तिथेही असतं, पण विखुरलेलं. एक ऐकावं तर दुसरं हुकतं. भिंतीवर लावलेली संशोधनाची पोस्टरही रोज बदलतात, ‘उद्या निवांत वाचू’ म्हटलेलं उद्या तिथे नसतं. एडीआयचा पसारा लहान. डिमेन्शिया असलेली माणसं स्वतः व्यासपीठावरून बोलतात, आणि कमी पैशांत, कमी माणसांत काम कसं भागवलं हे सांगणारे चहाच्या रांगेतच भेटतात. आपली एआरडीएसआय, म्हणजे अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया, हीसुद्धा एडीआयची सदस्य आहे. गरज वेगळी असेल तर निवडही वेगळी ठरेल, हे खरं.

व्हिसाचं गणित ठिकाणावर अवलंबून. शेंगेनसाठी (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला मुंबईची एक फेरी धरा. अमेरिकेला जायचं तर अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या, म्हणजे परिषदेला पाठवलेल्या शोधनिबंधाच्या सारांशाच्या, निकालाची वाट पाहू नका, मुलाखतीची तारीख आधीच घ्या. निकालानंतर जुलैपूर्वीची मिळेलच असं नाही. पोस्टर कापडावर छापा, घडी करून हातातल्या बॅगेत मावतं. जुलैत कसारा घाटाचा भरवसा नसतो. रात्री दोनचं विमान असेल तर दुपारी चारलाच नाशिक सोडा.

घरी रुग्ण असेल तर बदली माणूस किमान पंधरा दिवस आधी आणा. आधी नुसती सोबत, मग जेवण, शेवटी अंघोळ त्याच्या हाती द्या. निघायच्याच दिवशी नवा चेहरा दिसला, तर पहिल्या रात्रीच ‘घरी चला’ सुरू होतं.