लॉफ्टमध्ये फोम मारून घेताय? थांबा, आमचे ६,४८० पाउंड गेलेत

लॉफ्ट म्हणजे छपराखालचा माळा, तिथे घर ऊबदार राहावं म्हणून छपराला आतून फोम फवारतात, त्याबद्दल इंग्लंडात जुन्या घरात राहणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय, त्यातही ज्यांच्याकडे थंडीत आईवडील नाहीतर सासूसासरे येऊन राहतात त्यांनी तर वाचाच. दारावर येणारी ही माणसं कशी असतात ते तुम्हाला माहितीय, गळ्यात आयकार्ड, हातात टॅब, "तुमच्या भागात सरकारी योजनेचा फुकट सर्व्हे चालू आहे" वगैरे. ते सांगत बसत नाही.

आमचं घर कॉव्हेंट्रीला, १९३० च्या दशकातलं सेमी, म्हणजे एका बाजूने शेजाऱ्याला जोडलेलं. जानेवारीचं गॅसचं बिल २१२ पाउंड आलं होतं. सासूबाई साताऱ्याहून आलेल्या, त्या शालीवर शाल घेऊन रेडिएटरला टेकून बसायच्या, नवरा येताजाता थर्मोस्टॅट १८ वर आणायचा आणि मी त्याची पाठ वळली की २१ वर न्यायचे. अशात दारावर आलेला असा एक माणूस म्हणाला की फोम मारला तर बिल ४० टक्के कमी होईल आणि घरही ऊबदार राहील, तर कोण ऐकणार नाही? आणि मी काही अडाणी नाही हो, अकाउंट्समध्ये आहे, दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासते.

तर तो माणूस वर लॉफ्टमध्ये गेला, ओल मोजायचं मशीन वाशाला टोचलं, ते टीं टीं करायला लागलं, लाल दिवा लागला. (लाकडात २० टक्क्यांच्या खाली ओल असेल तर घाबरायचं कारण नसतं, हे मला नंतर कळलं. त्याने आकडा दाखवलाच नाही, नुसता लाल दिवा दाखवला.) मग खाली येऊन टॅबवर फोटो दाखवला, काळी बुरशी धरलेले वासे, म्हणे हे तुमचं छप्पर, अजून दोन हिवाळे काढेल.

त्या फोटोत मागे पाण्याची टाकी होती. आमच्याकडे कॉम्बी बॉयलर आहे, त्याला टाकी लागत नाही, ती केव्हाच काढून टाकलीय! आणि आमच्या लॉफ्टमध्ये पाय ठेवायला जागा नाही, गणपतीचं मखर, सुटकेसा, पोरांची जुनी सायकल, त्यातलं एकही फोटोत नाही. टाकी मला दिसली होती. दिसली आणि मी काही बोलले नाही, कारण सासूबाई शेजारी बसून "छप्पर पडणारे का गं?" विचारत होत्या आणि तो माणूस त्यांना "माताजी, काळजी करू नका" म्हणत होता. आजही रात्री ती टाकी आठवली की झोप उडते. तुम्ही असता तर काय केलं असतं, घरात म्हातारं माणूस घाबरलेलं असताना फोटोतल्या टाकीवरून वाद घातला असता?

एकूण ६,४८०. त्यातले २५० डिपॉझिट क्रेडिट कार्डावर, बाकी ६,२३० बँक ट्रान्सफर, कारण "कार्डाने दिलेत तर जास्त पडेल". दारात केलेला असा करार १४ दिवसांत रद्द करता येतो, पण "काम लगेच सुरू करा" असं त्यांनी एका कागदावर आमच्याकडूनच सही करून घेतलं आणि त्याच आठवड्यात फोम मारून गेले. काम पूर्ण झालं की तो हक्क संपतो. म्हणून तो कागद पुढे आला तर सही करू नका, कोणी कितीही घाई करू दे.

पुढच्या जानेवारीचं बिल २०७ पाउंड. पाच पाउंडांची बचत, घ्या!

खरा दणका मॉर्गेजचा फिक्स, म्हणजे ठरलेल्या व्याजदराची मुदत, संपला आणि दुसऱ्या बँकेकडे गेलो तेव्हा बसला. नव्या बँकेचा सर्व्हेअर आला, लॉफ्टचं झाकण उघडून टॉर्च मारला आणि लगेच उतरला. फोममुळे वासे झाकले जातात, आतलं लाकूड कुजतंय का ते बघताच येत नाही, हवा खेळायची बंद झाली की ओल कोंडते, त्यामुळे बऱ्याच बँका असं घर बघून थेट नाही म्हणतात. आम्हालाही नाही म्हणाले. फोम काढायचं कोटेशन ४,९०० पाउंड, कारण तो हाताने खरवडून काढावा लागतो. म्हणजे घालायला पैसे, काढायला पैसे.

२५ वर्षांची गॅरंटी होती. कंपनीच बंद! कंपनीज हाउसच्या, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी नोंदणीच्या, साइटवर बघितलं तर तोच डायरेक्टर, तोच पत्ता, नाव नवीन. हे फुकट बघता येतं, दहा मिनिटं लागतात, पैसे द्यायच्या आधी बघा.

तक्रारीचं तर बोलूच नका. हेल्पलाइनवर पाऊण तास तीच ट्यून ऐकल्यावर एका बाईने रेफरन्स नंबर दिला आणि म्हणाली आम्ही पुढे कळवतो. पुढे म्हणजे काऊन्सिलकडे, ते म्हणतात आम्ही माहिती नोंदवून ठेवतो, एकेकट्याची केस घेत नाही. पोलिसांच्या पोर्टलवर फॉर्म भरला, उत्तर आलं की हा दिवाणी वाद दिसतो. अहो, खोटा फोटो दाखवून पैसे घेतले, यात वाद कसला? प्रत्येकजण सॉरी म्हणतो, अगदी मनापासून म्हणतो, आणि दुसरा नंबर देतो. त्या दुसऱ्या नंबरवर पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा, फोम म्हणजे काय इथपासून. पार्किंगचा दंड पाठवायला याच लोकांना एक दिवस पुरतो.

एकच गोष्ट कामाला येतेय, ती म्हणजे ते २५० पाउंड. कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट १९७४ चं कलम ७५. १०० पाउंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंतच्या कामाचा थोडा भाग जरी क्रेडिट कार्डाने दिला असेल तरी पूर्ण रकमेसाठी कार्डवाल्यांना धरता येतं, कंपनी बुडाली असली तरी. डेबिट कार्डाला हे लागू नाही. मी डिपॉझिट कार्डाने दिलं ते पॉइंट्स मिळतात म्हणून, अक्कल म्हणून नाही. कार्डवाल्यांनी स्वतंत्र सर्व्हेअरचा रिपोर्ट मागितला, त्याचे ४२० पाउंड परत आमच्याच खिशातून. क्लेम चालू आहे.

ऊबेसाठी खरं जे करायचं होतं ते नंतर केलं. बॉयलरचा फ्लो, म्हणजे रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याचं तापमान, ७५ वर होता तो ६० वर आणला, फुकट, आणि घर तेवढंच गरम होतं. पत्रपेटीला ब्रश, दाराखाली पट्टी, जाड पडदे. लॉफ्टच्या जमिनीवर साधी इन्सुलेशनची लोकर (मिनरल वूल) २७० मिलिमीटर लागते, आमच्याकडे २०० होती, वर अजून एक थर टाकला असता की झालं होतं, पण ते कोणी दार वाजवून सांगत नाही. आणि व्हिजिटिंग कार्डावर ट्रस्टमार्कचा, म्हणजे चांगल्या कारागिरांच्या सरकारमान्य यादीचा, लोगो कोणीही छापतो, नाव त्यांच्या साइटवर टाकून शोधा.

परवा आणखी एक फोन आला, "तुमच्या घरी फोम आहे ना, आम्ही पैसे परत मिळवून देतो, फक्त ८९५ पाउंड फी". आमचा नंबर आणि फोमची माहिती त्याच्याकडे कुठून गेली ते उघड आहे. असा फोन आला तर बोलत बसू नका, नाव कन्फर्मसुद्धा करू नका, ठेवून द्या आणि नंबर ब्लॉक करा.