नंबरची कुंडली काढणारं ॲप, एकदा वापराच
मोठा नंबर टाकला की अवयव, विभाजक, बायनरी (फक्त ० आणि १ वापरून लिहिलेलं रूप) सगळं दाखवणारं हे ॲप मला जाम आवडलंय. १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ टाकून बघा, म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १, बायनरीत ओळीने ६७ वेळा १ दिसतो, बघायलाच भारी वाटतं! फ्रेंच गणिती मर्सेनने १६४४ मध्ये हा मूळ संख्यांच्या यादीत धरलेला, फ्रेंच गणिती लुकासने १८७६ मध्ये मूळ नाही हे सिद्ध केलं पण अवयव मिळालेच नव्हते, ते १९०३ मध्ये अमेरिकन गणिती कोलने हाताने आकडेमोड करून शोधले, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. ॲप ते लगेच देतं. फक्त कोणत्या पद्धतीने काढलं ते दाखवत नाही, शिकणाऱ्यांना ते हवंच. चार स्टार.