हॉटेल कराचा ऑनलाइन भरणा : सुरक्षेच्या नव्या अटींचा नऊ महिन्यांचा अनुभव

हॉटेलच्या हिशेबाचे काम माझ्याकडे असल्यामुळे पाहुण्यांकडून जमा झालेला कर स्थानिक संस्थेच्या संकेतस्थळावर दरमहा भरणेही माझ्याकडेच येते. नऊ महिन्यांपूर्वी संस्थेने लॉगिनचे नियम बदलले. किमान बारा अक्षरी पासवर्ड, ऑथेंटिकेटर ॲपमधला (लॉगिनसाठी फोनवरच कोड तयार करणाऱ्या ॲपमधला) सहा अंकी कोड आणि पंधरा मिनिटे हालचाल नसेल तर आपोआप लॉगआउट, अशा त्या अटी होत्या. कार्डाने पैसे स्वीकारणाऱ्यांसाठी असलेल्या पीसीआय डीएसएस या मानकाच्या मार्च २०२२ मधील ४.० आवृत्तीतही जवळपास हेच आकडे आहेत, त्यामुळे त्या मनमानी म्हणता येणार नाहीत.

कोडची सवय आठवड्याभरात झाली. तो दर तीस सेकंदांनी बदलतो आणि फोनच्या घड्याळावर चालतो, त्यामुळे घड्याळ मागे पडले की बरोबर कोडही नाकारला जातो. हे कळेपर्यंत मी पासवर्डलाच दोष देत होतो. पंधरा मिनिटांच्या मर्यादेने मात्र खरा त्रास दिला. करमाफ मुक्काम वेगळे काढण्यासाठी नोंदवहीशी ताळा घालत बसलो की तेवढ्यात लॉगआउट होई आणि विवरणपत्राचा मसुदा जतन होत नसल्याने सगळे आकडे पुन्हा भरावे लागत. चौथ्या महिन्यात मसुदा आपोआप जतन होऊ लागला आणि त्याच मर्यादेबद्दलची माझी तक्रार संपली.

दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलण्याची सक्ती मला आजही पटलेली नाही. कोडची दुसरी पायरी असताना पीसीआय डीएसएस हे मानकही तसा आग्रह धरत नाही, आणि तंत्रज्ञानाची मानके ठरवणाऱ्या अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेने तर २०१७ मध्येच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये असे सुचवले होते. आमच्याकडे या सक्तीतून निष्पन्न झाले ते एवढेच, की पासवर्डच्या शेवटचा आकडा एकाने वाढतो.

सर्वांत मोठी उणीव वेगळीच होती. प्रत्येक हॉटेलला एकच खाते असल्याने मालक, मी आणि रजेच्या काळात माझे काम पाहणारी सहकारी असे तिघेही तेच लॉगिन वापरत होतो आणि कोडसाठी एकमेकांना फोन करत होतो. अशा वेळी विवरणपत्र कोणी भरले आणि बँक खात्याचा तपशील कोणी बदलला, हे नोंदीवरून कळणे शक्यच नव्हते. सहाव्या महिन्यात स्वतंत्र उपखाती मिळाली. आता विवरणपत्र मी तयार करतो आणि भरण्याला मंजुरी मालक देतात. या बदलाची किंमत आम्हाला लगेच कळली : करभरणा नव्या खात्यात करावा, असे सांगणारी बनावट ईमेल आली, तेव्हा पैसे पाठवण्यासाठी दोघांची संमती लागत असल्यामुळे ती मालकांच्या नजरेस पडली आणि त्यांनी कार्यालयाच्या जुन्या क्रमांकावर फोन करून खात्री केली.

नवे खाते उघडताच मिळणारे पुनर्प्राप्ती कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना लॉगिन करण्यासाठीचे राखीव कोड, छापून तिजोरीत ठेवावेत. आमच्या सहकारीने ते ठेवले नव्हते. तिचा फोन बिघडला आणि ओळख पुन्हा पटवण्यात मुदतीची तारीख उलटून गेली. विलंब शुल्क भरावेच लागले.